कोलाला इंग्रजी कळत नाही

आमच्या कंपनीत नवा डायरेक्टर आला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने हसत विचारलं, “तुमचं नाव जरा लांबलचक आहे. मी तुम्हाला ‘चक’ म्हटलं तर चालेल?”

ज्यांना विचारलं, त्यांचं नाव चुक्वुएमेका. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताठ बसलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कधीही न दुमडलेल्या. ते अगदी शांतपणे म्हणाले, “म्हणा की. हाक मारणं तुमच्या हातात आहे. येणं माझ्या.”

मग त्या नावाचा अर्थही सांगितला: देवाने मोठं काम केलं. “यातला चुक्वु म्हणजे देव. ‘चक’ म्हणजे अर्धा देव, आणि काम तर पार गायब.” डायरेक्टर ओशाळला. पण पुढच्या मीटिंगला तो घरून पाठ करून आल्यासारखं पूर्ण नाव बोलला, आणि चुक्वुएमेकांनी उभं राहून त्याच्याशी हात मिळवला. असा हा माणूस. आधी वाकायचा नाही, आणि समोरचा सरळ झाला की मान द्यायला चुकायचा नाही.

मी त्यांना डेडे म्हणायचो. नायजेरियाच्या पूर्वेकडे त्यांच्या इग्बो लोकांत, निदान त्यांच्या गावाकडे, मोठ्या भावाला डेडे म्हणतात. हे कळलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे दादा म्हणतात. ते खूश झाले. “म्हणजे तुला शिकवायला नको. जीभ जरा पुढे घे फक्त.” आमचं बोलणं सगळं इंग्रजीत, पण मनातल्या मनात मी त्यांना कायम अहो-जाहोच केलं. ते मला ‘ओगा’ म्हणायचे, म्हणजे साहेब. त्यात मान किती आणि टिंगल किती, हे दर वेळी त्यांच्या भुवईवरून ओळखायचं.

आमचं काम लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका मोठ्या वेअरहाउसमध्ये. ते ऑपरेशन्सचे प्रमुख, मी सिस्टिम्स सांभाळायचो. आमच्या कॅन्टीनच्या टेबलावरचा तिसरा भिडू म्हणजे अकाउंट्सचे बायो. बायो योरुबा. गोलमटोल, मऊ बोलणारे, जेवताना टाय खांद्यावर टाकणारे. त्यांचं नाव ऐकून माझी आई फोनवर हसत सुटली होती: “बायो? अरे, कोकणात मुलीला हाक मारतात अशी!” हे मी जेवताना सांगितलं आणि मोठीच चूक केली. त्या दिवसापासून डेडे त्यांना मुद्दाम कोकणी लाडात हाक मारू लागले.

दोघांची मैत्री माझ्या आधीपासूनची. ती मुख्यतः शिव्यांवर चालायची.

“आला तेलकट रस्सा,” बायोंचा डबा उघडला की डेडे म्हणायचे. इग्बो लोक योरुबांना असंच चिडवतात.

“तू बोलू नकोस. नाणं खाली पडल्याचा आवाज झाला तर मेलेला इग्बोसुद्धा कूस बदलतो.”

“बदलतो. आणि बघतो तर नाणं आधीच योरुबाच्या खिशात.”

मग दोघं एकमेकांच्या डब्यातलं खायचे.

डेडे जन्मले इग्बो गावात. पण लहानपणी, इग्बोंनी वेगळा देश मागितला म्हणून झालेल्या युद्धानंतर, त्यांच्या वडिलांनी लागोसला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. लागोस योरुबांच्या मुलखातलं. त्यामुळे डेडेंची योरुबा अशी फर्डी की बायो कबूल करायचे, “हा माझ्या आईशी फोनवर बोलतो तेव्हा ती विचारते, हा सभ्य मुलगा कोण? आणि मला म्हणते, तू असं का बोलत नाहीस?” युद्धाबद्दल डेडे बोलत नसत. एकदाच म्हणाले होते की भुकेचा आवाज नसतो, म्हणून ती दूरच्या लोकांना ऐकू जात नाही. आणि लगेच विचारलं, “ओगा, तो बटाटा तू खाणार आहेस का?”

कोलाची गोष्ट मला कळली ती अशाच एका जेवणात. डेडे म्हणाले, “रविवारी घरी ये. पण लक्षात ठेव, कोलाला इंग्रजी कळत नाही.” मी काळ्या फेसाळ पेयाची बाटली डोळ्यांसमोर आणली आणि गोंधळलो. रविवारी त्यांनी लाकडी ताटलीत तांबूस, गुळगुळीत बी पुढे केलं तेव्हा उलगडा झाला. इग्बो घरी पाहुणा आला की यजमान हे कोलाचं बी पुढे करतो. वडीलधारा माणूस ते हातात धरून प्रार्थना करतो, आणि मग ते फोडून सगळ्यांना तुकडा मिळतो. प्रार्थना इग्बोतच, इंग्रजीत केली तर कोलाला समजत नाही. दर वाक्याला बाकीच्यांनी ‘इसे’ म्हणायचं, म्हणजे तथास्तु.

मी म्हटलं, “आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. सुपारी फुटली, की शब्द पक्का.”

“म्हणजे तुम्ही अगदीच रानटी नाही,” डेडे म्हणाले.

बायोही आले होते. तुकडा तोंडात टाकत ते म्हणाले, “याला सांगून टाक की खरं. कोला पिकवतो आम्ही, चघळतात उत्तरेचे, आणि मिरवता तुम्ही.”

“मिरवायला अक्कल लागते,” डेडे म्हणाले. “झाड काय, कुणाच्याही दारात उगवतं.”

त्याच दुपारी डेडेंची मुलगी अदा आणि बायोंचा मुलगा कुनले स्वयंपाकघरात भांडी घासत हळू आवाजात हसत होते, हे माझ्या बायकोने पाहिलं. परतताना गाडीत ती म्हणाली, “या दोघांची सुपारी फुटणार बघ.” तसंच झालं. दोन्ही घरांनी आधी कपाळावर हात मारला, मग तारखा बघायला घेतल्या. आणि नेमकी तेव्हाच नायजेरियात अध्यक्षाची निवडणूक लागली.

तिथे एक अलिखित रीत आहे: अध्यक्षपद एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे. यंदा पाळी दक्षिणेची. पण दक्षिणेत कुणाची? योरुबांचाही माणूस उभा, इग्बोंचाही. डेडेंचा मुद्दा सरळ होता. “तुमचा एक जण बसून उठला. युद्धानंतर आमचा त्या खुर्चीवर एकदाही नाही. आम्ही या देशात राहतो, की भाड्याने राहतो?”

“मतं मिळवा आणि बसा,” बायो म्हणायचे. “पाळी म्हणून मागू नका.”

“बरं! मग तुम्ही काय म्हणून मागताय?”

गंमत अशी की दोघांनाही मत नव्हतं. परदेशातल्या नायजेरियन माणसाला तिथे मतदान करता येत नाही. पण कॅन्टीनमध्ये आवाज असा, की मत मोजायला पेट्या स्लाऊलाच येणार आहेत. मशीनमधून चहा घेता घेता डेडे लागोसच्या धाकट्या भावाला फोन लावायचे. हळूहळू टेबलावरच्या शिव्या बदलल्या. म्हणजे शब्द तेच राहिले, पण आता शिवी झाली की कोणी कुणाच्या डब्यात हात घालत नव्हतं.

निकाल लागला. योरुबांचा माणूस निवडून आला. डेडेंच्या बाजूचे लोक म्हणाले, घोटाळा झाला. बायोंच्या बाजूचे म्हणाले, हरलात, आता मान्य करा. लागोस शहरात मात्र इग्बो उमेदवाराला इतकी मतं पडली, की योरुबा पुढाऱ्यांच्या पायाखालची जमीन हलली. त्यामुळे काही दिवसांनी राज्याच्या निवडणुकीला लागोसमध्ये गल्लोगल्ली माणसं उभी राहिली: इग्बो दिसला, की घरी जा म्हणायचं. डेडेंचा भाऊ तिथेच वाढलेला, तिथेच दुकान, तिथेच मुलं. केंद्रावर त्याला नाव विचारलं, नाव ऐकलं आणि रांगेतून ओढून काढलं. “तुझ्या गावी जाऊन मत दे. हे शहर आमचं आहे.”

हे डेडे आम्हाला कॅन्टीनमध्ये सांगत होते. आवाज चढलेला नव्हता. कपातला चहा मात्र त्यांनी प्यायला नव्हता, त्यावर साय धरली होती. बायो खाली बघत होते. म्हणाले, “गुंड होते ते. आम्ही सगळे तसे नाही.” ते तेवढंच म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. आणि मी गप्प बसलो असतो तर त्याहून बरं. पण टेबलावर शांतता झाली की ती भरायची मला घाई असते. मी मध्यस्थ व्हायला गेलो.

“झालं ते वाईटच, डेडे,” मी म्हणालो. “पण त्यांच्याही बाजूने बघा ना. लागोस शेवटी त्यांचं. यजमान ते. आपल्याच घरात आपण उपरे होऊ, अशी भीती वाटणारच की माणसाला.”

बायोंनी चटकन मान वर केली आणि होकारार्थी हलवली. त्या हलवलेल्या मानेत जी सुटका होती, ती मला अजून टोचते. त्यांना साक्षीदार मिळाला होता, तोही तिऱ्हाईत.

डेडेंनी अगदी साधेपणाने विचारलं, “मग स्लाऊ कुणाचं, ओगा?”

माझ्या उत्तराची वाट न बघता ते उठले, कप सिंकमध्ये रिकामा केला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर एकटे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. बायोंनी लग्नाच्या हॉलचा विषय काढला, तेव्हा डेडे तिथूनच म्हणाले, “मुलगी सज्ञान आहे. लग्न कौन्सिलच्या ऑफिसात, नोंदणीने होईल. कोला मी फोडणार नाही.”

बापाने कोला फोडला नाही, तर इग्बोंच्या लेखी मुलगी दिलीच नाही. इथल्या घरच्यांत वडीलधारे तेच, त्यामुळे दुसरं कोणी पुढे होणंही शक्य नव्हतं. अदा एकदा आमच्या घरी येऊन रडून गेली. म्हणाली, “काका, डॅडला माझं लग्न नको असं नाहीये. त्यांना सॉरी पाहिजे. आणि सॉरी म्हणायचं कोणी? कुनलेने? तो तर इथेच, लंडनच्या क्रॉयडनमध्ये जन्मलाय!”

मला माहीत होतं, निदान एक सॉरी कुणाचं बाकी आहे. ते वाक्य मी स्लाऊमध्ये तयार केलं नव्हतं. ते मी ठाण्याहून आणलं होतं. ‘यजमान आम्ही, हे सगळे बाहेरचे’: आमच्या जेवणाच्या ताटांभोवती हे वरणभातासारखं रोज वाढलं जायचं. कधी दक्षिणेकडचे, कधी उत्तरेकडचे. बाहेरचे बदलायचे, वाक्य तेच. मी आयुष्याची अर्धी वर्षं इथे काढली, पासपोर्ट बदलला, कोणी पबबाहेर ‘गो होम’ म्हणालं तेव्हा आठवडाभर धुमसलो, आणि तरी ते वाक्य माझ्या जिभेखाली तसंच, ताजं होतं. दुसऱ्या कुठल्याही तिऱ्हाईताने लागोस कुणाचं हे इतक्या आपुलकीने सांगितलं नसतं. ही चूक मुंबईच्या कडेला वाढलेला मराठी माणूसच करू जाणे.

मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. ते गाडीची काच पुसत होते.

“डेडे, आय ॲम सॉरी.”

“हं,” काच पुसतच राहिले. “बस आली नाही तरी सॉरी. ट्रॉली पायावर घातली तरी सॉरी. हा शब्द या देशात फुकट मिळतो. तुझ्या भाषेत सांग.”

मी म्हणालो, “चुकलो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... वाट चुकतो ना माणूस, तेच क्रियापद. मी चुकलो. यात सॉरी नाही. फक्त मी आहे.”

त्यांनी फडका घडी करून डिकीत ठेवला. “चूक-लो,” त्यांनी चव घेऊन पाहिली. “बरा आहे. पण ऐक. तू चुकलास म्हणून माझा भाऊ रांगेत परत उभा राहत नाही.”

“नाही.”

“मग मी काय करायचं? हसत हसत त्यांच्या हातात कोला ठेवायचा?”

मला सल्ला द्यायचा नव्हता. एकदा देऊन झाला होता. मी एवढंच विचारलं, “कोला पुढे कोण करतं, डेडे? पाहुणा की यजमान?”

“यजमान. विचारतोस काय?”

“मग लग्नाच्या दिवशी यजमान कोण?”

त्यांची भुवई किंचित वर गेली. “ओगा,” ते म्हणाले, “घरी जा. तुझी बायको वाट बघत असेल.” यात मान होता की टिंगल, मला खरंच कळलं नाही.

पण हॉल घेतला गेला. स्लाऊतल्याच एका चर्चच्या मागचा, उंच खिडक्यांचा. एका बाजूला इग्बो नातलग, समोर योरुबा, दोघांच्या मध्ये रिकामी फरशी. आम्ही कुणाकडचेच नाही, म्हणून चहाच्या भांड्याजवळ बसलो. बायो भरजरी निळ्या पोशाखात आले होते. पण चेहरा असा, की इन्कम टॅक्सवाल्यांनी बोलावलंय. त्यांच्यात नवऱ्या मुलाने सासऱ्यापुढे साष्टांग लोटांगण घालायची पद्धत. कुनले फरशीवर सपशेल पालथा झाला. डेडे पुढे आले आणि त्याला दंडाला धरून उठवलं.

“ऊठ. या घरात कोणी कुणाला जमिनीवर आडवं करत नाही.” मग योरुबांच्या बाजूकडे बघत म्हणाले, “आणि कोणी होतही नाही.”

अदाने डोळे मिटून घेतले. डेडेंनी लाकडी ताटलीतून कोला उचलला आणि डोक्याच्या वर धरला.

“आज,” ते इंग्रजीत म्हणाले, “यजमान मी आहे.”

मग इग्बोत प्रार्थना सुरू झाली. आयुष्य मागितलं, मुलंबाळं मागितली. प्रत्येक वाक्याला त्यांची बाजू गरजत होती, “इसे!” शेवटी ते त्यांच्यातली एक जुनी म्हण म्हणू लागले. अदाने मला ती आधी सांगितली होती, म्हणून ओळखू आली. घार बसो, गरुडही बसो. म्हणीचा दुसरा अर्धा भाग शाप आहे: जो दुसऱ्याला बसू देणार नाही, त्याचा पंख मोडो.

पहिला अर्धा इग्बोत म्हणून डेडे थांबले. पाहुण्यांकडे वळले. आणि पुढचा अर्धा भाग त्यांनी योरुबात म्हटला.

स्वच्छ, शाळेत शिकवावी तशी योरुबा. शब्द न् शब्द पोचेल अशी. निळ्या पोशाखांत कुजबुज उठली. डेडेंच्याच बाजूचा, लांबच्या नात्यातला एक म्हातारा हरकत घेत म्हणाला, “हे काय? कोलाला आपलीच भाषा लागते!”

“कोलाला इंग्रजी कळत नाही असं आजोबा म्हणायचे,” डेडे म्हणाले. “योरुबा कळत नाही, असं कोणी म्हटलंय? पिकतो तर त्यांच्याकडे.”

कोणीतरी फिसकन हसलं. डेडे हसले नाहीत. त्यांचा हात अजून वरच होता. त्यांनी तेच वाक्य पुन्हा योरुबात म्हटलं, या वेळी फक्त बायोंकडे बघत. जो दुसऱ्याला बसू देणार नाही, त्याचा पंख मोडो. आता या वाक्याला कोणीतरी तथास्तु म्हणायला हवं होतं, आणि ते कोणी म्हणायचं हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हटलं, तर लागोसच्या रांगेशेजारी उभ्या असलेल्या आपल्याच लोकांना शाप लागणार. नाही म्हटलं, तर कोला फुटणार नाही.

बायो बसल्या जागी जड झाले होते. त्यांच्या शेजारच्या भावाने त्यांच्या मांडीवर हात ठेवला: बसून राहा. बायोंनी तो हात उचलून बाजूला ठेवला, हळूच, कप उचलून ठेवावा तसा. ते उभे राहिले.

“आशे,” ते म्हणाले. योरुबांचं तथास्तु.

मग मोठ्याने, मागे वळून, आपल्या माणसांकडे बघत: “आशे!” आधी कुनले, मग बायका, मग एकेक करत बाकीचे. तो भाऊ सोडून सगळे. डेडेंनी हात खाली घेतला आणि कोला फोडला.

पहिला तुकडा त्यांनी स्वतः बायोंना नेऊन दिला. बायोंनी चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “हा आमच्याच बागेतला आहे.”

“म्हणूनच कडू,” डेडे म्हणाले, आणि हात बायोंच्या खांद्यावर बराच वेळ राहिला.

समेट झाला असं मी म्हणणार नाही. डेडेंनी निकाल कधीच मान्य केला नाही, आणि बायोंनी आपलं मत कधी बदललं नाही. फक्त डबे पुन्हा एका टेबलावर आले. मशीनने पैसे गिळून चहा दिला नाही, की डेडे त्यावर थाप मारून म्हणायचे, “बोल, चूक-लो!” आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. तेवढी दया त्यांनी माझ्यावर केली.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. सगळ्यांना वाटलं, आता बाग, नातवंडं. ते म्हणाले, लागोसला चाललो. गावी नाही; लागोसला, भावाच्या वॉर्डात. पुढची निवडणूक येते आहे, त्याआधी मतदार म्हणून नाव लावायचं.

आम्ही दोघं त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. गाडी बायो चालवत होते. म्हणाले, “माझा चुलतभाऊ त्याच भागात राहतो. मतदानाला तो तुझ्याबरोबर येईल. कोणी हात लावणार नाही.”

“नको.”

“अरे, पण...”

“बायो, मला तुझा भाऊ नको. मला रांग हवी. त्याला यायचंच असेल तर माझ्या मागे उभा राहू दे. पुढे नको.”

टर्मिनलवर सिक्युरिटीच्या आधी मोठी, वळणावळणाची रांग होती. पांढऱ्या केसांकडे बघून तिथल्या एका मुलीने दोरी उचलली आणि म्हणाली, “सर, तुम्ही इकडून या, लवकर होईल.” त्यांनी मान हलवून नकार दिला आणि सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, न दुमडलेल्या बाह्या.

रांग वळून जिथे आमच्या समोर येत होती, तिथे ते पोचले तेव्हा त्यांनी मला पाहिलं. मधल्या सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून ओरडले, “ओगा! स्लाऊ कुणाचं?”

लोक वळून बघू लागले. माझा स्वभाव असा, की अनोळखी गर्दीत आवाज फुटत नाही. बायोंनी मला कोपराने ढोसलं.

“आपलं, डेडे!” मी ओरडलो, मराठीत.

त्यांना अर्थ कळला की नाही, ठाऊक नाही. त्यांनी भुवई वर केली. मग मागच्या माणसाने जरा पुढे घुसायचा प्रयत्न केला, म्हणून त्यांनी बॅग फरशीवर घट्ट टेकवली, आणि आपल्या जागेवर उभे राहिले.